दीनाबाईंच्या हॉलमधली हंगेरी

नाशिक शहर, देवळाली कॅम्प आणि पंचक्रोशीतील समस्त नागरिकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, युरोपातील हंगेरी नावाच्या देशात शंभरएक वर्षांपूर्वी रचलेल्या दोन स्ट्रिंग क्वार्टेट्सचे संपूर्ण ध्वनिमुद्रण आपल्या हद्दीत यथासांग पार पडले असून, त्यासाठी कुठेही वाहतूक वळवण्यात आलेली नाही. फीत कापली गेली नाही. श्रीफळ फुटले नाही. वर्तमानपत्रांनी दखल घेतली नाही. शेजारच्या बंगल्यातल्या बाईंनी तेवढे कुंपणावरून विचारले, "सुतार आलाय का हो तुमच्याकडे?" या ऐतिहासिक घटनेची एकमेव अधिकृत निवेदक या नात्याने मी पुढील वृत्तांत सादर करीत आहे. सर्वांनी शांतता राखावी.

शांतता राखा, हे मी सवयीने म्हणते. माझं अर्धं आयुष्य हे म्हणण्यातच गेलं. माझ्या वडिलांचा पंचवटीत लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा व्यवसाय होता. ते आवाज मोठा करायचे, मी आवाज साठवते. गंगापूर रोडला माझा छोटा स्टुडिओ आहे. भिंतींना स्पंज, दाराला रबर, आणि आत एक पंखा, जो रेकॉर्डिंग सुरू झालं की बंद करावा लागतो. त्यामुळे मे महिन्यात माझ्याकडे गायलेली सगळी भक्तिगीतं फार कळवळून गायल्यासारखी वाटतात.

लोकांना वाटतं, ध्वनिमुद्रण म्हणजे बटण दाबायचं आणि बसून राहायचं. खरं तर बटण दाबणं हा त्यातला सर्वांत सोपा भाग. अवघड काम म्हणजे माणसाला माईकसमोर तो स्वतः आहे तसा राहू देणं. लाल दिवा लागला की चांगली बोलकी माणसं सरकारी पत्रकासारखी बोलायला लागतात. भजनी मंडळातले सगळे एकमेकांच्या मागे उभे राहतात. एक निवृत्त हेडमास्तर तर 'हजर' म्हणाले होते.

निफाडकडचे एक बागायतदार आले होते. द्राक्षबागेत पाखरं हाकलायला लोक ससाण्याचा आवाज लावतात, तो त्यांना हवा होता. मी दोन-तीन नमुने ऐकवले. त्यांना एकही पटेना. "लय बारीक हाय ओ, ताई. आमची पाखरं नाय ऐकायची याला." मग सोबत आलेल्या बायकोकडे बोट दाखवून म्हणाले, "असं करा, हिचाच घ्या. ही बांधावरून ओरडली का निम्मी बाग रिकामी होती."

बाई शांतपणे माईकसमोर जाऊन बसल्या. म्हणाल्या, "घ्या माझाच. यांचा लावला तर पाखरं जवळ येऊन बसतील, कीर्तन हाय म्हणून."

तो आवाज मी घेतला. मोसमभर बागेत वाजला. पुढच्या वर्षी त्यांच्या शेजाऱ्यानेही येऊन त्याचीच प्रत मागितली. माझ्या कारकिर्दीतलं सर्वांत यशस्वी रेकॉर्डिंग कोणतं, असं कोणी विचारलं तर प्रामाणिक उत्तर हेच आहे. पण सर्वांत लाडकं कोणतं, असं विचारलं तर मला देवळाली कॅम्पला जावं लागतं.

एका सकाळी फोन आला. पलीकडून खणखणीत बाईमाणसाचा आवाज. "डिकरी, तू लोकांचा आवाज घेते ना? आमचा पण घे. आम्ही चार बुढ्ढे आहोत. लवकर ये, नाय तर तीन राहतील."

डिकरी म्हणजे मुली. या दीनाबाई. देवळाली कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्यात एकट्या राहणाऱ्या पारशी बाई. ऐंशीच्या आसपास वय, पायात कॅनव्हासचे बूट, आणि जगातल्या यच्चयावत माणसांना अरे-तुरे. भाजीवाला, ब्रिगेडियर, दातांचे डॉक्टर, सगळे त्यांच्यासाठी 'मुआ'. मुआ म्हणजे मेल्या. त्यांच्या तोंडी तो गौरवाचा शब्द होता; ज्याला त्या मुआ म्हणत नसत त्याने आपलं काय चुकलं याचा विचार करावा.

दीनाबाई चेलो वाजवायच्या. गुडघ्यांमध्ये उभं धरायचं ते मोठं, भारदस्त वाद्य. दर रविवारी त्यांच्या हॉलमध्ये आणखी तिघे जमत. पहिलं व्हायोलिन अँथनी सरांचं. ते कॅम्पातल्याच एका शाळेत संगीत शिकवायचे. दुसरं सबनीसांचं, ते दातांचे डॉक्टर, आणि वाजवतानाही समोरचा तोंड उघडेल अशा अपेक्षेने बघत. आणि व्हायोला वाजवायचे देशपांडे काका. व्हायोला म्हणजे व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, जरा घोगऱ्या आवाजाचं वाद्य. काका ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, सत्तरी ओलांडलेले, एकटे. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. हातात कापडी पिशवी, पिशवीत नोटेशनचे कागद आणि दीनाबाईंसाठी न चुकता पेरू किंवा सीताफळ, जो काही मोसम असेल तो.

ही चार वाद्यं मिळून स्ट्रिंग क्वार्टेट. तबला नाही, तानपुरा नाही, मुख्य कलाकार कोण ते कळत नाही. मी तर पहिल्यांदा विचारलं होतं, "आणि गाणारे कधी येणार?"

हंगेरी इथे काकांमुळे आली. तरुणपणी त्यांना प्रशिक्षणासाठी रशियाला पाठवलं होतं. तिथल्या एका दुकानातून त्यांनी हंगेरीची रेकॉर्ड आणली, आतमध्ये नाचगाणी असतील अशा समजुतीने. निघाल्या क्वार्टेट्स. पण ती रेकॉर्ड त्यांना चिकटली ती चिकटलीच. त्यांनीच मला सांगितलं की हे रचणारे लोक त्या काळात मेणाच्या नळकांड्यांवर आवाज घेणारं यंत्र घेऊन खेडोपाडी हिंडायचे. शेतकऱ्यांची, म्हाताऱ्या बायांची गाणी त्यावर उतरवून घ्यायचे. मग घरी बसून त्याच मातीतलं काहीतरी चार वाद्यांसाठी लिहायचे.

"म्हणजे माझ्याच धंद्यातले की!" मी म्हटलं. तेव्हापासून हंगेरीबद्दल मला माहेरासारखं वाटतं. त्या म्हाताऱ्यांपैकी एखादी पण म्हणाली असेल, 'यांचा लावला तर पाखरं जवळ येतील.'

दीनाबाईंना रेकॉर्डिंग का हवं होतं, ते त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. बंगला विकला गेला होता. मुलगी मेलबर्नला बोलावत होती, तिकीट निघालं होतं. चेलो अँथनी सरांच्या शाळेला जाणार होता.

"तिकडे दुसरा घ्या ना," मी म्हटलं.

त्यांनी डावा हात माझ्यासमोर धरला. बोटांची पेरं आल्याच्या कुड्यांसारखी सुजलेली होती. "आता हे दोन-चार रविवार चालेल, डिकरी. तिकडे मी वाजवणार नाय. तिकडे मी ऐकणार. म्हणून मला पूर्ण पायजे. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकदम. तू ते कापून जोडते ना, तसा नाय पायजे. जोडलेला ऐकला तर मला वाटेल, आम्ही कधी पूर्ण वाजवलाच नाय."

"आणि खरं म्हणजे," अँथनी सर मागून हळूच म्हणाले, "आपण कधी वाजवलेलाच नाहीय."

प्रकरण असं होतं. पहिली क्वार्टेट त्यांना बऱ्यापैकी बसली होती. दुसरी मात्र इतक्या वर्षांत एकदाही सलग पार पडली नव्हती. तिच्या मध्यभागी एक संथ भाग आहे. त्यात तिघे आपापला एकेक सूर धरून बसतात आणि चेलो एकटा गातो. अगदी आपल्या आलापासारखा, आपल्याशीच बोलल्यासारखा. ते गाणं संपतं तिथे व्हायोलाने ते उचलायचं असतं, पुढे न्यायचं असतं. आणि तिथे काका हटकून चुकायचे. गाडी थांबायची. दीनाबाई म्हणायच्या, "चालो, फरीथी," म्हणजे परत. की पुन्हा चेलो पहिल्यापासून. पुढचा वेगाचा शेवट त्यांनी वेगळा बसवून ठेवला होता. पण तिथपर्यंत गाडी कधी पोचलीच नव्हती.

रेकॉर्डिंग बंगल्यातच करायचं ठरलं. माझ्या स्पंजच्या खोलीत ही वाद्यं गुदमरली असती. तो हॉल उंच होता, खाली लाकडी जमीन, सूर जरा फिरून परत यायचा. चौघांजवळ एकेक माईक लावला, दोन वर टांगले. घड्याळ काढून मोरीत ठेवलं, फ्रीज बंद केला. राहता राहिला भारतीय तोफखाना. देवळालीत सराव असला की लांबून धडाम् धडाम् ऐकू येतं. कानाला ते विशेष जाणवत नाही, पण माईकला भूकंप झाल्यासारखं वाटतं. दीनाबाईंनी कुठल्याशा मुआ मेजरला फोन करून सराव कधी नसतो ते विचारून घेतलं होतं. "मी त्याला सांगितला, हंगेरीचा मामला आहे," त्या म्हणाल्या. मेजरसाहेबांनी फोन ठेवल्यावर नक्कीच नकाशा उघडला असेल.

पहिल्या बैठकीत पहिली क्वार्टेट झाली, पण एका व्यत्ययामुळे ती पुन्हा पहिल्यापासून वाजवावी लागली. मध्येच सबनीसांच्या बाजूने फाडकन आवाज आला आणि मी धावत गेले. "तार तुटली का?"

चौघेही माझ्याकडे बघत राहिले. तार इतकी ओढून सोडायची की ती खालच्या लाकडावर आपटावी, असं हंगेरीच्या त्या गृहस्थाने लिहूनच ठेवलं होतं. सबनीस म्हणाले, "दाताचंही तसंच असतं. आवाज आला म्हणजे काम झालं."

मग दुसरी लावली. संथ भाग आला, चेलो गायला, काका चुकले. फरीथी. परत चुकले. फरीथी. तिसऱ्यांदा चुकले तेव्हा दीनाबाईंनी डावा हात झटकून मांडीवर ठेवला आणि बोटं चोळत बसल्या. अँथनी सर म्हणाले, पुढच्या रविवारी. तो शेवटचा रविवार होता. त्यानंतरच्या शुक्रवारी विमान.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टुडिओत हेडफोन लावून बसले. मनात म्हटलं, बाईंचा नियम असू दे बाजूला, काकांचा तेवढा तुकडा जोडायची काही सोय होते का बघावं. म्हणून फक्त व्हायोलाच्या माईकचा आवाज लावला.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. चुकणाऱ्या माणसाचा श्वास चुकल्यावर ऐकू येतो. तो दचकतो, आणि मग हवा आत जाते. हजारो गायक-वादक मी ऐकले, सगळ्यांचं असंच. देशपांडे काकांचा श्वास चुकण्याआधी येत होता. खोल, सावकाश, नदीत बुडी मारणारा माणूस घेतो तसा. मग गज तारेवरून अलगद उचलला जायचा. मग क्षणभर काहीच नाही. आणि मग, "अरेरे, माफ करा."

तिन्ही वेळा. अगदी तस्संच.

शेवटच्या रविवारी मी मुद्दाम लवकर पोचले. काका व्हरांड्यात चहाचा कप घेऊन बसले होते. आतून दीनाबाई तारा जुळवत असल्याचा आवाज येत होता.

"काका," मी म्हटलं, "तुम्हाला तो तुकडा येतो."

त्यांनी चहाकडे बघितलं. "कशावरून?"

"माईकवरून."

"फार जवळ लावतेस बुवा तू माईक."

मी शेजारच्या पायरीवर टेकले. मग ते स्वतःच बोलले.

"त्यांचं गाणं संपतं ना, मग मी उचलायचं असतं. मी उचललं की संपलं, पुढे गेली गाडी. नाही उचललं की त्या परत पहिल्यापासून वाजवतात." मग कप खाली ठेवून म्हणाले, "त्यांना वाटतं मी ढ आहे. बरंय ते. ढ माणसाला कोणी काढून टाकत नाही. शिकवत बसतात."

"पण काका, या शुक्रवारी..."

"माहीत आहे मला. बॅगांना कुलपं मीच आणून दिली." त्यांनी फाटकाकडे बघितलं. "ओझरला आयुष्यभर एकच काम केलं, वैशाली. विमान पुरं करायचं. पुरं झालं की ते उडतं, आणि आपण खालून बघायचं. इथे तरी म्हटलं, एक काम अर्धं ठेवू."

आवाज जोडण्याचं माझं सगळं कसब त्या व्हरांड्यात निरुपयोगी होतं. मी एवढंच म्हटलं, "त्या तिकडे वाजवणार नाहीत, काका. फक्त ऐकणार आहेत. अर्धं दिलंत तर अर्धंच ऐकत बसतील."

आतून हाक आली. "ए देशपांडे! चहा पितो का शेती करतो? आज चुकला ना, तर बॅगेत भरून मेलबर्नला घेऊन जाईन तुला!"

काका उठले. पिशवीतून कागद काढता काढता मला हळूच म्हणाले, "ही धमकी आहे की आमिष, ते त्यांनी स्पष्ट करायला हवं होतं."

लाल दिवा लागला. दुसरी क्वार्टेट सुरू झाली. हॉल रिकामा होता. सामान आधीच गेलं होतं, भिंतींवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन राहिले होते. त्यामुळे सूर आणखी लांब जाऊन परत येत होता. संथ भाग आला. तिघांनी आपापला सूर धरला, आणि दीनाबाई गायला लागल्या. हो, गायलाच. सुजलेल्या बोटांमुळे एखादा सूर खरखरत होता, एखादा पोचायला उशीर करत होता. पण कुणी लांबच्या गावात, संध्याकाळी अंगणात बसून, घरी न आलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं ते होतं. हंगेरीतल्या त्या म्हातारीचा आवाज असाच असणार. मी वडिलांच्या लाउडस्पीकरमागे बसून मैफली ऐकत वाढलेली बाई, असल्या जागेला मान आपोआप हलते, तोंडून दाद जाते. मी ओढणीचं टोक दातात धरून बसले होते.

गाणं उतरणीला लागलं. शेवटचा सूर आला. आणि माझ्या कानात तो श्वास आला. खोल, सावकाश.

गज उचलला गेला.

आणि परत टेकला.

काकांनी ते गाणं उचललं. चेलोने जिथे ठेवलं होतं नेमकं तिथून, जरा घोगऱ्या आवाजात, बिलकुल घाई न करता. प्रत्येक सूर जिथल्या तिथे. इतक्या रविवारांत मनातल्या मनात किती वेळा वाजवलं असेल त्यांनी ते! अँथनी सरांनी कागदावरून मान वर केली आणि घाईघाईने परत खाली घातली. सबनीसांचा जबडा त्यांच्या पेशंटसारखा उघडा पडला होता, पण हात चालू होता. दीनाबाई फक्त काकांकडे बघत होत्या. पुढची ओळ त्यांनी कागद न बघता वाजवली. मग तो वेगाचा शेवट आला. चौघे बेफाम सुटले, तारा लाकडावर आपटत होत्या, सुतार अख्खं फर्निचर करून गेले. आणि शेवटचा घाव पडला.

इथे आमचा एक कडक नियम असतो. शेवटचा सूर थांबला तरी तो खोलीत विरेपर्यंत कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही. तेवढी शांतता रेकॉर्डिंगचाच भाग असते. मी हात वर करून सगळ्यांना थांबवून ठेवलं होतं.

मी पण इथे वाचकांना हात वर करून जरा थांबवते, आणि पुढचं आधी सांगते. दीनाबाई शुक्रवारी गेल्या. बंगला पाडला, तिथे आता फ्लॅट होतायत. मेलबर्नहून त्यांचा अधूनमधून फोन येतो. "डिकरी, इथे कावळे पण इंग्लिश बोलते." रोज दुपारी आपली क्वार्टेट लावतात, म्हणतात. काका महिन्यातून एखाद्या रविवारी स्टुडिओत येतात. हातात पिशवी, पिशवीत पेरू किंवा सीताफळ. ते आता मला मिळतं. त्यांच्याकडे घरी प्रत आहे, तरी माझ्या मोठ्या स्पीकरवर ऐकायचं असतं. संथ भाग लावायला सांगतात. चेलो गाऊन संपतो आणि त्यांचा स्वतःचा श्वास ऐकू येतो, तिथे बोट वर करतात. मी थांबवते. "परत पहिल्यापासून," म्हणतात. मी लावते. पंखा बंद ठेवते, का ते विचारू नका.

शेवट मात्र मी कापलेला नाही. दीनाबाईंना विचारलं होतं, हे तेवढं काढून टाकू का? तर म्हणाल्या, राहू दे. त्यामुळे मेलबर्नच्या प्रतीत आणि नाशिकच्या प्रतीत, हंगेरीचा शेवटचा सूर त्या रिकाम्या हॉलमध्ये विरत जातो, अजून पुरता विरलेला नसतो, माझा हात वरच असतो, आणि चेलोच्या माईकमध्ये, स्पष्ट, खणखणीत, सगळे नियम मोडून दीनाबाई ओरडतात:

"अरे मुआ देशपांडे, म्हणजे तुला येत होता!"